सामाईक भिंतीतलं धुराडं: लंडनच्या एका घरासाठी लाकडाचा स्टोव्ह निवडताना

हे प्रकरण वायव्य लंडनमधल्या एका घराचं. घर मित्राचं. मी इमारतींच्या हीटिंग-व्हेंटिलेशनच्या कामात आहे म्हणून सल्लागार मी, आणि म्हणूनच जे चुकलं त्यात थोडा वाटा माझाही. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र तोच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

घर १९३०च्या दशकातलं जोडघर. मधली भिंत दोन कुटुंबांत सामाईक, आणि त्या भिंतीच्या पोटातून दोन्हीकडची धुराडी शेजारीशेजारी वर जातात. छपरावर एकच जाडजूड चिमणी दिसते. आत मात्र वेगवेगळे मार्ग, आणि त्यांच्यामध्ये एकेका विटेचा पडदा. ही वीट ध्यानात ठेवा.

मित्रानं आणि वहिनीनं २०२२च्या एप्रिलमध्ये हे घर घेतलं. बैठकीच्या खोलीतली उघडी फायरप्लेस आधीच्या मालकानं फळी ठोकून बंद केली होती. फळी काढली तर आत लोखंडी जाळी शाबूत, भोवतालच्या टाइल्सही बऱ्यापैकी. त्यातच गॅसचे दर भडकले. ऑक्टोबर २०२२पासून सरकारच्या दरहमी योजनेतसुद्धा गॅसचं युनिट (एक किलोवॅट-तास) १०.३ पेन्सना पडायला लागलं. बागेतलं सफरचंदाचं झाड उन्हाळ्यात तोडलं होतं, त्याचे ओंडके शेडमागे पडून होते. दिवाळीला पाहुणे आले आणि मित्रानं पहिली आग पेटवली. फोटो मलाही आला, मी वर अंगठा पाठवून दिला. घर धूर-नियंत्रित क्षेत्रात आहे का, हे विचारायचं मला सुचलं नाही. खरं तर लंडनचा बहुतेक सगळा भाग त्यात येतो, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला पाठ असायला हवं.

या क्षेत्रांचं मूळ ५ ते ९ डिसेंबर १९५२च्या त्या काळ्या धुक्यात आहे. घराघरांतल्या कोळशाचा धूर थंड, निश्चल हवेत अडकून राहिला. मृतांचा पहिला अंदाज चार हजारांचा होता, नंतरच्या अभ्यासांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. त्यातून १९५६चा स्वच्छ हवा कायदा आला आणि धुरावर बंदी असलेले भाग आखण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. आज १९९३चा कायदा लागू आहे. २०२१च्या पर्यावरण कायद्यानं त्यातला दंड सुटसुटीत केला: चिमणीतून धूर निघाला तर १७५ ते ३०० पौंड, कोर्टाची पायरी न चढता.

अडचण

नोव्हेंबरच्या अखेरीस शेजारीणबाईंनी दार वाजवलं. सत्तरी ओलांडलेल्या, बोलणं अगदी मऊ. "तुमच्या आगीचा वास आमच्या झोपायच्या खोलीत येतो," म्हणाल्या. मित्राला वाटलं, धूर खिडकीतून जात असेल. त्यानं माफी मागितली, चार दिवस आग पेटवली नाही आणि पाचव्या दिवशी पेटवली. डिसेंबरात नगरपालिकेचं पत्र आलं: हा भाग धूर-नियंत्रित आहे, उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जाळता येत नाही, पुन्हा आढळलं तर दंड.

पत्र हातात घेऊन तो माझ्याकडे आला तो थेट प्रश्न घेऊनच: "कुठला स्टोव्ह घेऊ?" जुन्या वस्तूंच्या एका साइटवर त्यानं आठ किलोवॅटचा, ओतीव लोखंडाचा, देखणा स्टोव्ह हेरून ठेवला होता. अडीचशे पौंड. विकणारा म्हणत होता, "उत्तम जळतो, रात्रभर राहतो."

मी त्याला थांबवलं ते धुरामुळे नाही, काकूंमुळे. मित्राची आई दरवर्षी सातारा जिल्ह्यातल्या गावाहून येते आणि पाच-सहा महिने राहते. चाळीस वर्षं चुलीपुढे गेली, आता दमा आहे, इनहेलर उशाशी असतो. ज्या बाईचा धूर आपण गॅस सिलिंडर आणून एकदा बंद केला, तिच्यापुढे लंडनमध्ये पुन्हा लाकूड पेटवायचं? वहिनीनं हे माझ्याआधीच विचारलं होतं. मित्राचं उत्तर होतं, "स्टोव्हला काच असते, धूर घरात येत नाही." हे बरंचसं खरं आहे. पूर्ण खरं नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न जाळण्याचा. खिडक्या-दारांच्या फटी बुजवायच्या, माळ्यावरचं इन्सुलेशन वाढवायचं, बॉयलरच्या पाण्याचं तापमान उतरवायचं. हीट पंपाला, म्हणजे बाहेरची उष्णता विजेनं घरात खेचणाऱ्या यंत्राला, तेव्हा सरकारी योजनेतून पाच हजार पौंड मिळत, पुढे ऑक्टोबर २०२३मध्ये ते साडेसात हजार झाले. पण बॉयलर जेमतेम चार वर्षांचा, म्हणून हीट पंप मागे पडला.

दुसरा, उघडी फायरप्लेस तशीच ठेवून मान्यताप्राप्त धूररहित इंधन जाळण्याचा. कायद्यात बसतो. पण उघड्या जाळीवरची बरीचशी ऊब चिमणीतून वर जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या जाळणाऱ्या पेलेट स्टोव्हचा विचार झाला. त्याला वीज लागते, पंखा घरघरतो, आणि मित्राला हवी होती ती ज्योत. इथे मी त्याला स्पष्ट विचारलं, "तुला ऊब हवी आहे की आग?" त्यानं उत्तर टाळलं. मीही पुढे रेटलं नाही. पहिला खरा निर्णयबिंदू तो होता आणि आम्ही दोघं त्याला वळसा घालून पुढे गेलो.

तो खरा निर्णयबिंदू म्हणतो, कारण पैशाचं गणित त्याच संध्याकाळी कागदावर उतरलं होतं. नीट वाळलेल्या कठीण लाकडाचा एक घनमीटर रचलेला ढीग साधारण ४०० किलो भरतो. किलोमागे ४ युनिट उष्णता धरली तर १,६०० युनिट. चांगला स्टोव्ह त्यातली ७८ टक्के खोलीत देईल, म्हणजे सुमारे १,२५०. आमच्या भागात असा घनमीटर १६० पौंडांना मिळत होता: उपयोगी युनिटला जवळजवळ १३ पेन्स. गॅस १०.३ पेन्स, बॉयलर ८८ टक्के कार्यक्षम, म्हणजे पावणेबारा पेन्स. गॅस इतका महाग असतानासुद्धा विकतचं लाकूड स्वस्त नव्हतं. बागेतलं झाड एकदाच तोडता येतं.

आता तो अडीचशे पौंडांचा स्टोव्ह. बैठकीची खोली ४.२ बाय ३.८ मीटर, उंची अडीच. चाळीस घनमीटर. ढोबळ हिशेबात घनमीटरला चौदानं भागायचं, घर गळकं असेल तर दहानं. उत्तर येतं तीन ते चार किलोवॅट. आठ किलोवॅटचा स्टोव्ह या खोलीत पूर्ण जोरात चालवला तर माणसं बनियनवर येतील. मग हवा बंद करून तो दबवायचा, आणि दबलेली आग धुमसते. विकणारा ज्याला "रात्रभर राहतो" म्हणत होता ते हेच धुमसणं. शिवाय पाच किलोवॅटच्या वर गेलं की इंग्लंडच्या बांधकाम नियमांनुसार जुन्या घरांत जादा प्रत्येक किलोवॅटमागे ५५० चौरस मिलिमीटरचं कायम उघडं भोक भिंतीत ठेवावं लागतं. आठसाठी १,६५०. ऊब मिळावी म्हणून स्टोव्ह आणायचा आणि त्याच्यासाठी भिंतीला भोक पाडून जानेवारीची हवा आत घ्यायची. बाजारात ४.९ किलोवॅटचे एवढे स्टोव्ह का दिसतात, त्याचं उत्तर या नियमात आहे.

निवड

दुकानात गेलो तेव्हा विक्रेत्यानं जवळजवळ प्रत्येक स्टोव्हवर हात ठेवून सांगितलं, "इकोडिझाइन आहे, काळजी नको." इथे पुष्कळ लोक फसतात. इकोडिझाइन आणि धूर-नियंत्रित क्षेत्राची सूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ जानेवारी २०२२पासून विक्रीला येणाऱ्या नव्या बंद स्टोव्हना इकोडिझाइनच्या मर्यादा पाळाव्याच लागतात: कणांचं प्रमाण घनमीटर धुरात ४० मिलिग्रॅमपर्यंत, हंगामी कार्यक्षमता किमान ६५ टक्के. धूर-नियंत्रित क्षेत्रात लाकूड जाळायला मात्र तो नेमका मॉडेल डेफ्रा या पर्यावरण खात्याच्या सूट यादीत असावा लागतो. त्याची चाचणी निराळी आहे. मर्यादा तासाला ५ ग्रॅम धूर, अधिक दर ०.३ किलोवॅटमागे ०.१ ग्रॅम. पाच किलोवॅटच्या स्टोव्हला हे साधारण ६.७ ग्रॅम होतं, आणि हवा कमीत कमी ठेवूनही ते पाळावं लागतं. म्हणून यादीतल्या स्टोव्हच्या हवेच्या झडपेला एक अडणी असते. झडप पूर्ण बंद होतच नाही.

यादी मोबाइलवर उघडून आम्ही नाव-क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवले. सूट कुठल्या इंधनासाठी आहे तेही त्यात लिहिलेलं असतं. एका आवडलेल्या मॉडेलच्या नावाचा शेवटचा भाग जुळेना. विक्रेता म्हणाला, तोच आहे, फक्त पाय वेगळे. आम्ही तो सोडला.

शेवटी घेतला तो ४.९ किलोवॅटचा, फक्त लाकडाचा, यादीतला. लाकूड आणि धूररहित कोळसा दोन्ही चालणारा घ्यावा, असं मित्राच्या मनात होतं. पण लाकूड राखेच्या थरावर, खालून हवा न घेता चांगलं जळतं, कोळशाला जाळी आणि खालची हवा लागते. दोन्ही करणारा स्टोव्ह तडजोडीचा असतो. किंमत १,३५० पौंड.

काम

हेटास या स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे नोंदणी असलेला कारागीर ठरवला. असा माणूस स्वतःच काम प्रमाणित करून नगरपालिकेला कळवू शकतो. कोट देण्याआधी त्यानं चिमणी झाडून धुराची चाचणी घ्यायला सांगितलं. हे आम्ही करणारच होतो, पण केवळ रीत म्हणून.

चाचणी साधी असते. चिमणीचं तोंड वरून बंद करतात, खाली धुराच्या गोळ्या पेटवतात आणि घरभर फिरून बघतात. झाडणाऱ्यानं विचारलं, "शेजारी घरी आहेत का?" शेजारीणबाईंनी आनंदानं वर नेलं. त्यांच्या झोपायच्या खोलीत पलंगाच्या डोक्याशी जुनी, बुजवलेली छोटी फायरप्लेस होती, भिंतीच्या तळच्या पट्टीच्या वर पितळी जाळीचा झरोका. मी गुडघ्यावर बसून त्याकडे बघत राहिलो. चार मिनिटं काही नाही. मग जाळीच्या डाव्या कोपऱ्यातून करड्या धुराची एक बारीक दोरी निघाली, उदबत्तीची निघते तशी, आणि पलंगाच्या दिशेनं वळली.

मधल्या विटेच्या पडद्यातला चुना नव्वद वर्षांत झडून गेला होता. बाई पहिल्या दिवशी अगदी खरं सांगत होत्या. आम्ही सगळ्यांनी, नगरपालिकेनंसुद्धा, ती बाहेरच्या धुराची तक्रार समजून घेतली. वास येतो तिथे कार्बन मोनॉक्साइड हा जीवघेणा वायूही येऊ शकतो, आणि त्याला वास नसतो. त्या खोलीत त्याचा गजर नव्हता. मित्र त्या संध्याकाळी दोन गजर घेऊन आला, एक त्यांच्याकडे लावला. पुढचे दोन दिवस तो फारसा बोलला नाही.

त्यानंतर लायनर घालायचा की नाही, हा वादच उरला नाही. स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी चिमणीच्या टोकापासून स्टोव्हपर्यंत अखंड, भोवती उष्णता धरून ठेवणारे व्हर्मिक्युलाइट या खनिजाचे दाणे. लाकडापुरता स्टीलचा ३१६ दर्जा चालतो, आम्ही त्याहून चिवट ९०४ घेतला. सूट यादीतल्या स्टोव्हला १२५ मिलिमीटर व्यास पुरतो, नाहीतर १५० लागला असता आणि जुन्या चिमणीच्या वळणातून तो उतरला नसता. जुन्या टाइल्स उष्णतेनं तडकतील म्हणून निघाल्या, वहिनी अजून हळहळते. स्टोव्हसमोर २२५ मिलिमीटर न जळणारी फरशी, खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा गजर, मीटरशेजारी धुराड्याच्या माहितीची पट्टी. परांची धरून हे सगळं २,६०० पौंडांना पडलं. स्टोव्हच्या जवळजवळ दुप्पट.

जाताजाता मित्रानं कारागिराला हळूच विचारलं, "ती झडपेची अडणी काढता येते ना?" इंटरनेटवर त्यानं वाचलं होतं. कारागीर म्हणाला, "येते. मग हे सर्टिफिकेट मी फाडून टाकतो."

पहिला हिवाळा

सप्टेंबर २०२३मध्ये स्टोव्ह बसला. ऑक्टोबरात मित्रानं अडीच घनमीटर लाकूड मागवलं, "सीझन्ड अ‍ॅश", म्हणजे उघड्यावर वाळवलेलं अ‍ॅश झाडाचं लाकूड, कारण घनमीटरला चाळीस पौंड कमी. यातला डाव त्याला माहीत नव्हता. इंग्लंडमध्ये मे २०२१पासून दोन घनमीटरपेक्षा कमी विकलं जाणारं लाकूड २० टक्के ओलाव्याच्या आत असावं लागतं आणि त्यावर "रेडी टू बर्न"चा शिक्का असतो. दोन घनमीटर किंवा जास्त घेतलं तर विक्रेत्यानं कसं वाळवायचं याची सूचना द्यायची, एवढंच. सूचनेचा कागद आला होता. तो पेटवण्याच्या कामी आला.

पहिल्या आठवड्यात काच काळी, आग सुस्त. मित्र स्टोव्हला शिव्या देत होता. काकू तेव्हा आलेल्या होत्या. पलीकडच्या खुर्चीत बसून त्यांनी नुसतं ऐकलं आणि म्हणाल्या, "अरे, फसफसतंय की. ओलं आहे सरपण." मग दोन ओंडके घेऊन एकमेकांवर ठोकून दाखवले. बद्द आवाज आला. वाळलेलं लाकूड टणटणतं.

मी ओलावा मोजायचं मीटर घेऊन गेलो. ओंडक्याच्या बाहेरच्या टोकाला १९ टक्के, सगळं ठीक. मग तोच ओंडका कुऱ्हाडीनं उभा फोडला आणि ताज्या पृष्ठभागावर मध्यावर पिना रुतवल्या: ३१. मोजायचं ते इथे, टोकाला नाही. सगळा ढीग बागेत हवेशीर मांडणीवर वर पत्रा टाकून रचला आणि पुढच्या वर्षासाठी ठेवला. त्या हिवाळ्यापुरतं शिक्क्याचं, भट्टीत वाळवलेलं लाकूड जाळीच्या पिशव्यांतून आणलं. काच दोन दिवसांत आपली आपण साफ व्हायला लागली.

काकूंचं दुसरं शहाणपण मात्र इथे उलटं पडलं. गावी रात्री विस्तव राखेखाली झाकून सकाळी फुंकणीनं जागवायचा, ही त्यांची आयुष्यभराची सवय. झोपताना त्यांनी मित्राला सांगितलं, एक मोठं लाकूड घाल आणि हवा बंद कर, सकाळपर्यंत टिकेल. चुलीतल्या निखाऱ्यांपुरतं ते बरोबर आहे. स्टोव्हमध्ये न पेटलेलं लाकूड घालून हवा कोंडली की ते पेट घेत नाही, नुसतं धूर आणि डांबर सोडतं, आणि ते डांबर लायनरच्या आतून थिजतं. अडणीमुळे झडप पूर्ण बंद झाली नाही म्हणून सकाळी फक्त काच तपकिरी मिळाली. पेटवण्याची रीतही बदलावी लागली: मोठी लाकडं खाली, बारीक ढलप्या वर, आग वरून खाली उतरू द्यायची. काकूंना ते शेवटपर्यंत पटलं नाही. "आग खालून लावतात," एवढंच.

वहिनीनं हवेतले सूक्ष्म कण मोजणारं छोटं यंत्र कपाटावर ठेवलं होतं. स्टोव्ह नीट पेटून दार बंद असताना आकडा फारसा हलत नसे. लाकूड घालायला दार उघडलं की उडी मारायचा, आणि दार झटकन उघडलं तर जास्त. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे. दार उघडल्यानंतर काही मिनिटं यंत्र त्याच्या कितीतरी वर असे. दोन आठवडे हे आकडे बघून वहिनीनं ठरवलं: आई इथे असताना स्टोव्ह पेटणार नाही. मित्रानं वाद घातला नाही.

निष्पत्ती

नगरपालिकेकडून पुन्हा पत्र आलं नाही. शेजारीणबाईंच्या खोलीतला वास पूर्ण गेला, गजर अजून तिथेच आहे. चिमणी वर्षातून एकदा झाडली जाते. ऑक्टोबर २०२३मध्ये गॅसचं युनिट ६.९ पेन्सवर आलं, म्हणजे बॉयलरची ऊब आठ पेन्सच्या आत. लाकूड तेरा पेन्सच. पैसे वाचवण्यासाठी सुरू झालेल्या कामात ३,९५० पौंड गेले, आणि वाचलं काही नाही.

आज केलं असतं तर

धुराची चाचणी स्टोव्हच्या खरेदीआधी नाही, शेजारीणबाईंनी दार वाजवलं त्याच दिवशी व्हायला हवी होती. जोडघरात "वास येतो" म्हटलं की आधी भिंत तपासायची, मग खिडकी. हे मी आता प्रत्येकाला सांगतो, न विचारतासुद्धा.

फटी बुजवण्याचं काम शेवटी २०२४च्या शरदात झालं. तीनशे पौंडांत बैठकीची खोली इतकी सुधारली की चार किलोवॅटचीही गरज उरली नाही. क्रम उलटा असता तर स्टोव्ह घेतलाच असता का? मित्र म्हणतो, घेतला असता. निदान आता तो "ऊब की आग" या प्रश्नाचं खरं उत्तर देतो.

स्टोव्हची निवड मात्र मला आजही बरोबर वाटते. छोटा, फक्त लाकडाचा, यादीतला. दुकानात तासभर अक्षरं जुळवत बसलो तो वेळ सगळ्यात चांगला गेला.

गेल्या हिवाळ्यात स्टोव्ह चौदा वेळा पेटला. एका आगीला किती पौंड पडले, हा हिशेब वहिनीनं लिहून फ्रिजच्या दारावर लावला आहे. दर वेळी काडी ओढण्याआधी मित्रानं तिथे जाऊन जुना आकडा खोडून नवा लिहायचा, असा घरचा नियम आहे.